तुमच्यासारखे पंच

सलाइन लावलेला हात स्थिर धरून थान बाओशानने दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने मोबाइलवरचं ‘तुमच्यासारखे’ हे बटण दाबलं.

हृदयाची शस्त्रक्रिया मंगळवारी होती. खर्च अॅपवरचं सभासदांचं मदतमंडळ देणार होतं, पण आधी पंचांचा कौल हवा होता: थानने रक्तदाबाचं दुखणं लपवलं होतं का? पंच कसे हवेत, हेही अॅपनेच विचारलं होतं. ‘कुणीही’ की ‘तुमच्यासारखे’.

“अहो, ‘कुणीही’ दाबायचं होतं,” बायको युफन म्हणाली.

“कुणीही म्हणजे शांघायच्या बँकेतल्या पोरी. त्यांना ट्रकमधलं काय कळतंय?”

अॅपने सभासदांमधून पन्नास पंच निवडले. सगळे पुरुष, चाळिशीपुढचे, थानच्याच हनान प्रांतातले ट्रकचालक. थानने चार वर्षांचे तपासणीचे दाखले जोडले. चारही वर्षं रक्तदाब एकशे दहा-सत्तर. गोदामातल्या सतराही चालकांचा तेवढाच होता, कारण तो त्यांच्यातल्या एकट्या मंग नावाच्या चालकाचा होता. दर वर्षी मंग टोपी बदलून सतरा वेळा तपासणीच्या खुर्चीत बसायचा.

सोमवारी सकाळी कौल आला. ‘द्या’ चार, ‘देऊ नका’ सेहेचाळीस. खाली कारणं होती.

‘पंचवीस वर्षं ट्रक चालवतोय. या वयात एकशे दहा-सत्तर असलेला चालक अजून पाहिला नाही.’

‘आमच्याकडे हे काम फंग करतो. तुमच्याकडे कोण?’

दुपारी मंग सफरचंदांची परडी घेऊन आला.

“वहिनी, उद्या किती वाजता नेणार?”

“नेत नाहीत. पैसे नामंजूर झाले.”

मंगने सुरी मागून घेतली आणि सफरचंद सोलायला बसला.

“दादा, पंचांत मीपण होतो.”

“मग?”

“नाही म्हटलं.”

“का रे?”

“खोटं होतं ना ते. माझ्याइतकं कुणाला ठाऊक?” साल तुटू नये म्हणून त्याने सुरी हळू फिरवली. “आणि पैसे शेवटी सगळ्या सभासदांच्याच खिशातून जातात.”

“तुझ्या खिशातून किती गेले असते?”

मंगने मनातल्या मनात हिशेब केला.

“सात पैसे.”

परडीवर दुकानाची चिठ्ठी तशीच होती: अडुसष्ट युआन. युफनने ती वाचली आणि परडी खाटेखाली सरकवली.

मंगने सोललेलं सफरचंद पुढे केलं. थानने ते घेतलं. आज रात्रीपासून उपाशी राहायची आता गरज नव्हती.