बॉरो, लेंड आणि वास्कितो

भाषा माणसाला मुक्त करते. हे वाक्य जावा बेटावरच्या पारे गावातल्या आमच्या इंग्रजी शिकवणीच्या भिंतीवर सोनेरी अक्षरांत रंगवलेलं आहे. त्याच्या खाली लाल रंगात असं लिहिलंय, की या आवारात जावानी किंवा इंडोनेशियन बोलणाऱ्याच्या गळ्यात दिवसभर लाकडी फळी अडकवली जाईल. त्यामुळे आमची मुलं बहुतेक वेळ गप्पच असतात. भेटायला आलेले पालक ही शांतता पाहून खूश होतात.

मी इथे गोंधळात टाकणारे शब्द शिकवतो. बॉरो आणि लेंड, ब्रिंग आणि टेक, लुक, सी आणि वॉच. उसनं घ्यायला आणि उसनं द्यायला आमचं एकाच शब्दावर भागतं. इंग्रजांना दोन लागतात, कारण त्यांना वस्तू परत हवी असते. हा विनोद मी दर तुकडीला सांगतो. मुलं हसतात, कारण मी मिस्टर आहे. सकाळच्या वर्गाला समजावेपर्यंत दुपारचा वर्ग विसरलेला असतो, आणि संध्याकाळी घरी गेल्यावर मला कुठल्याच भाषेत बोलावंसं वाटत नाही.

वास्कितो या तुकडीतला सर्वांत थोराड विद्यार्थी, म्हणून मीही त्याला 'मास', म्हणजे दादा, म्हणायचो. पुढचे केस मागे हटलेले, कॉलेजच्या पोरांमध्ये मान खाली घालून बसायचा. पर्यटकांच्या जहाजावर नोकरी धरायची होती त्याला, आणि वयाच्या अटीत बसायचं हे शेवटचंच वर्ष.

"हे जमलं नाही ना मिस्टर, तर पुन्हा ब्लितारला सासऱ्यांच्या माशाच्या गाडीवर."

"त्यात वाईट काय, मास? मासा तर छान तळता म्हणे तुम्ही."

"मासा मी तळतो. दिवसभर सासरे मला तळतात."

अभ्यास मात्र तो जीव तोडून करायचा. अपवाद फक्त जेवणाच्या वेळेचा. मुलांची खानावळ बू कातिनी, म्हणजे कातिनीबाई, चालवतात आणि खणखणीत जावानीत चालवतात. त्यांच्या गळ्यात फळी अडकवायची अजून कुणाची छाती झालेली नाही.

"मास वास्कितो, पेचेल वाढू?"

"नको बू, पोट भरलंय."

"अहो, शेंगदाण्याची चटणी आत्ता वाटलीये."

"खरंच नको. तुम्हाला उगाच त्रास."

"खाताय की ओतू डोक्यावर?"

मग तो ताट पुढे करायचा आणि दोनदा मागून घ्यायचा. हे रोजचंच. पहिल्या विचारण्याला हो म्हणणाऱ्याला आईबापांनी वळण लावलं नाही, असं आमच्याकडे समजतात. आणि पुन्हा न विचारणाऱ्याचं घर तर आम्ही नावासकट लक्षात ठेवतो.

मुलाखत माझ्याच वर्गात, संगणकाच्या पडद्यावर झाली. समोर जहाज कंपनीच्या बू विडोरेत्नो होत्या. चेहरा असा, की सकाळपासून बऱ्याच वास्कितोंना भेटून झालं असावं. मी कोपऱ्यात, कॅमेऱ्यात दिसणार नाही असा बसलो. सगळं इंग्रजीत चाललं होतं.

"प्रवाशाला छत्री हवी आहे. काय कराल?"

वास्कितो जो सुटला. मी त्यांना माझी छत्री लेंड करीन, ते बॉरो करतील, मी ती त्यांच्या खोलीत टेक करीन आणि ऊन पडल्यावर ब्रिंग बॅक करीन. माझा सबंध अभ्यासक्रम, एकही शब्द इकडचा तिकडे न होता, पहिल्यांदाच कुणाच्या तरी तोंडून बाहेर पडत होता. मला थोडं भरून आलं. वयाचा परिणाम.

"छान," बू विडोरेत्नो म्हणाल्या. "जागा तुमची. येताय ना?"

वास्कितोने नजर खाली वळवली, छातीवर हात ठेवला आणि गोड हसला. "नो, नो, थँक्यू. माझ्यापेक्षा लायक कुणी असेल, त्याला द्या."

उच्चारसुद्धा निर्दोष होता. मलाही काही खटकलं नाही. आता त्या पुन्हा विचारतील म्हणून आम्ही दोघंही थांबलो.

"ओके. शुभेच्छा," त्या म्हणाल्या आणि पडदा काळा झाला.

आम्ही त्या काळ्या पडद्याकडे बघत राहिलो. याला लुक म्हणायचं की वॉच, हे ठरवायचं त्राण माझ्यात नव्हतं.

"मिस्टर, लाइन गेली का?" त्याने जावानीत विचारलं. फळी आणायला कुणी उठलं नाही.

"नाही, मास."

"म्हणजे फोन करून विचारतील."

मी संगणक बंद केला.

"निदान एकदा तरी?"

दुपारपर्यंत तो फोन समोर ठेवून बसला. मग बॅग भरून ब्लितारच्या बसमध्ये चढला. बू कातिनींनी वाटेसाठी जेवण बांधून दिलं. ते त्याने पहिल्याच खेपेला घेतलं.

दुसऱ्या दिवशी मीच कंपनीला फोन लावला. बू विडोरेत्नो आधी इंग्रजीत बोलल्या. मग मी कुठला ते विचारलं आणि सरळ जावानीवर आल्या.

"मी आपल्याच जावातल्या सोलोची आहे, मिस्टर. त्यांचा 'नो' काय होता, ते मला कळलं नसेल का?"

"मग पुन्हा का नाही विचारलंत?"

"कंपनी एकदाच विचारू देते. त्यांच्यानंतरच्या उमेदवाराने माझा प्रश्न संपायच्या आत 'येस' म्हटलं."

"त्याचं इंग्रजी चांगलं होतं का?"

"'येस' चांगलं होतं."

"अहो, पण जहाजावर प्रवाशांशी बोलणार कसा तो?"

"प्रवाशांशी कशाला? जागा धुलाईखान्यात होती. तिथे झाडून सगळे जावाचे आहेत. दिवसभर जावानीच बोलतात."