शकुनाची पिकदाणी

मी एक जुनी पिकदाणी आहे. मुरडलीत ना नाकं? खुशाल मुरडा. मित्रांनो, मला त्याची सवय आहे. माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे.

चीनच्या झेजियांग भागातल्या एका कारखान्यात पत्र्यापासून मला घडवलं. बाहेरून लालभडक इनॅमल, त्यावर लग्नाचं सोनेरी शुभाक्षर, आणि आतून पांढरीशुभ्र. आतून पांढरी का, ठाऊक आहे? माणसाच्या छातीतून जे बाहेर पडतं, ते नीट दिसावं म्हणून.

आझन नावाच्या नवरीच्या माहेरच्यांनी मला तिच्या रुखवतात मांडलं. तिला लवकर मूल व्हावं म्हणून माझ्यात शेंगदाणे, लाल खजूर आणि कमळबिया भरल्या होत्या. सगळ्या बायका माझं कौतुक करत होत्या. सासरी आल्यावर सासूबाईंनी मला तशीच भरलेली कपाटावर नेऊन ठेवली.

"नातू होईपर्यंत हिला कोणी हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या.

पुढे आझनला मुलगी झाली, आलिएन. मी कपाटावरच राहिले.

खाली काय चाललं होतं ते मला वरून दिसत होतं. आझनचे सासरे घरातच बांबूच्या टोपल्या विणायचे. विणता विणता खोकायचे, जमिनीवर थुंकायचे आणि लगेच बुटाच्या टाचेनं ते चोळून टाकायचे. त्या थुंकीत रक्त असायचं. टाच फिरली की मातीत काही दिसायचं नाही.

"बाबा, एकदा दवाखान्यात जाऊन या ना," आझन म्हणायची.

"अगं, बांबूचा भुसा जातो घशात. त्यात डॉक्टर काय करणार?"

"मग ती पिकदाणी तरी खाली काढते."

सासूबाई कडाडल्या, "खबरदार! वंशाच्या शकुनात थुंकायचं? माहेरी हेच शिकवलं का तुला?"

आझननं वर नेलेला हात मागे घेतला. माझा मात्र संताप संताप होत होता. ज्या कामासाठी माझा जन्म, ते काम माझ्यापासून दोन हातांवर, जमिनीवर चाललं होतं, आणि मी पोटात शेंगदाणे घेऊन शोभेला बसले होते!

सासऱ्यांना क्षय झाला होता. क्षयाचे जंतू हवेतून येतात. रोगी खोकला की बारीक कण उडतात आणि बंद खोलीत तासन् तास तरंगत राहतात. दुसऱ्यानं श्वास घेतला की ते त्याच्या फुप्फुसात खोलवर जातात. तिथे शरीराचे पहारेकरी त्यांना घेरून कोंडून ठेवतात. धडधाकट माणसात ते वर्षानुवर्षं तसेच पडून राहतात. अंग खंगलं की कोंडी फुटते. मग ते फुप्फुस पोखरतात आणि खोकल्यावाटे पुन्हा बाहेर पडतात, पुढच्या माणसाकडे जायला. लहान मुलाचे पहारेकरी कोवळे असतात. तिथे जंतू रक्तात उतरून थेट मेंदूपर्यंत पोचू शकतात.

त्या हिवाळ्यात खिडक्या घट्ट बंद होत्या. आजोबा आलिएनला मांडीवर घेऊन गाणी म्हणायचे, आणि गाता गाता तिच्या तोंडावर खोकायचे. ती खिदळायची. मी वरून काय करणार होते?

मग आलिएनला ताप आला, उलट्या झाल्या, मान ताठ झाली. तिला दवाखान्यात ठेवलं. डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "घरात खोकतं कोण?"

आझन तडक घरी आली. स्टुलावर चढून तिनं मला खाली ओढलं आणि पालथी केली. शेंगदाणे, खजूर घरभर सांडले. मला सासऱ्यांच्या पुढ्यात आदळून ती म्हणाली, "थुंका."

"अगं अवदसे, तो वंशाचा..." सासूबाई ओरडल्या.

"आई, वंश तिकडे दवाखान्यात पडलाय! बाबा, थुंका म्हणते ना!"

म्हातारा खोकला आणि थुंकला. माझ्या पांढऱ्या तळावर लालभडक रक्त पडलं. सासूबाईंनी वाकून आत पाहिलं.

"तुम्हाला ठाऊक होतं," आझन सासऱ्यांना म्हणाली.

"लोकांना कळलं असतं तर आपल्या टोपल्या कोणी घेतल्या नसत्या गं," ते पुटपुटले.

"टोपल्या!" एवढंच ती म्हणाली आणि दवाखान्यात परत गेली.

आजोबांना औषधं सुरू झाली. जंतू मारायला माझ्यात चुना आला, वर झाकण आलं, खिडक्या उघडल्या. आलिएनला कित्येक महिने इंजेक्शनं दिली. त्या इंजेक्शनांनी तिचा जीव वाचवला आणि तिचे कान नेले. त्या काळी अशी कितीतरी मुलं बहिरी झाली.

मित्रांनो, मला घासून पुसून ठेवा, असं मी मुळीच म्हणणार नाही. तुमच्या घरात कोणाचा खोकला दोन आठवड्यांत थांबला नाही, तर त्याला हाताला धरून तपासायला न्या. रक्त दिसलं तर ते टाचेखाली लपवू नका. खोकताना तोंडावर कापड धरा. आणि घरातली सून काही सांगत असेल, तर तिच्यावर डाफरण्याआधी तिचं ऐका!

आजोबा बरे झाले. रोज सकाळी अंगणात उभे राहून ते सवयीनं हाक मारायचे, "आलिएन! ए आलिएन!" ती पाठमोरी खेळत राहायची. मग आझन मान वर करून त्यांच्याकडे बघायची, आणि ते मुकाट्यानं घरात यायचे.