मोहरीच्या वाटीतले काळे मणी

मित्रांनो, मी एक जुना स्टीलचा डबा आहे. गोल, झाकणाला एक पोचा आलेला, आत सात वाट्या. आज माझ्यात हळद-तिखट बघून तुम्ही मला साधा मसाल्याचा डबा समजाल. समजा बापडे! पण मधली कितीतरी वर्षं माझ्या पोटात काचेचे बारीक मणी होते आणि उज्जैनच्या नानाखेड्यातल्या आमच्या कॉलनीतल्या बायका माझं झाकण कधी उघडतंय याची वाट बघत बसत.

मी अनसूयाबाईंच्या लग्नात रुखवतात आलो. त्यांचे यजमान यज्ञेश्वरराव रेल्वेत कारकून. आधी मी स्वयंपाकघरातच होतो. पुढे घरात मोठा डबा आला आणि माझी रवानगी माळ्यावर होणार असं दिसू लागलं. तेव्हा अनसूयाबाईंनी मला घासून, उन्हात वाळवून मण्यांसाठी ठेवून घेतलं. त्या मण्यांच्या माळा, कुड्या, बांगड्या करत.

मणी ठेवण्याची त्यांची पद्धत मात्र मसाल्याचीच राहिली. हळदीच्या वाटीत पिवळे, तिखटाच्या वाटीत लाल, धण्याच्या वाटीत हिरवे, जिऱ्याच्या वाटीत बदामी, मोहरीच्या वाटीत काळे. मधल्या वाटीत मीठ असायचं, तिथे पांढरे. निळा मसाला काही कुठे मिळत नाही, म्हणून गडद निळे मणी मेथीच्या वाटीत गेले. अनसूयाबाईंनी या जागा कधी बदलल्या नाहीत.

रंग निवडण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, हे मी अभिमानाने सांगतो. शेजारच्या मीनाताई एकदा भैरवगढच्या छापाची मरून साडी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "याच्यावर मरूनच माळ करा, एकदम मॅचिंग."

"मरूनवर मरून घातलंत तर माळ घातली की नाही, हेच लोग पूछेंगे," अनसूयाबाई हसून म्हणाल्या. "बदामी जास्त घेऊ, हिरवा थोडा, आणि पिवळा भाजीत हळद घालतो ना, तेवढाच."

मीनाताई नाक मुरडत गेल्या आणि पुढच्याच आठवड्यात बहिणीची साडी घेऊन परत आल्या.

मग घरांवरून केबलच्या तारा आल्या. मालिकांतल्या बायकांसारखे चमचमते तयार सेट गोपाल मंदिराच्या बाजारात ढिगाने मिळू लागले. गिऱ्हाईक कमी झालं. पण त्याचं दुःख मला फारसं नव्हतं. मला काळजी होती ती वेगळीच.

अनसूयाबाईंची नजर मंदावत चालली होती. आधी त्या माळ खिडकीशी धरून उजेडात रंग पारखत. आता त्या माळ धरत, पण बघत दुसरीकडेच. गडद रंग त्यांना सगळे सारखे दिसू लागले होते. घरात कोणाला पत्ता नव्हता, कारण त्यांचं एकही काम चुकत नव्हतं. बोटं बरोबर हव्या त्या वाटीत जात. "सुलूचं लग्न होऊ दे, मग दाखवू डॉक्टरला," असं त्या माझं झाकण लावताना पुटपुटत. हे ऐकणारा मी एकटाच होतो.

सुलू म्हणजे त्यांची लेक. तिचं लग्न ठरलं तेव्हा विहीणबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "सोनं आमच्याकडून. पण मंगळसूत्राची पोत तुम्हीच ओवा. तुमच्या हाताचं नाव इंदूरपर्यंत ऐकलंय." अनसूयाबाईंचा चेहरा असा फुलला, की मी माझा पोचासुद्धा विसरलो. लेकीच्या गळ्यात आपल्या हातचे काळे मणी! याहून मोठी मागणी त्यांच्याकडे आजवर आली नव्हती.

आणि इथेच घात झाला. अनसूयाबाई साड्या आणायला भैरवगढला गेल्या होत्या. पाहुणे यायचे म्हणून सुलू घर आवरत होती. तिने मला खाली घेतलं, मणी कागदांच्या पुड्यांत काढले, वाट्या घासल्या, पुसल्या आणि पुन्हा भरल्या. भरताना तिला वाटलं, रंग जरा सुंदर लावावेत. फिक्यापासून गडदापर्यंत तिने छान ओळ लावली. त्या ओळीत निळे मणी मोहरीच्या जागी आले आणि काळे मेथीच्या जागी गेले.

सुलूने हे प्रेमाने केलं होतं. मी आतल्या आत ओरडत होतो, "अगं, आईला विचार!" पण डब्याचं ओरडणं कोणाला ऐकू येणार? ती मला फडताळात ठेवून गुणगुणत निघून गेली. लग्नाच्या गडबडीत नंतर तिला ते आठवलंही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी अनसूयाबाईंनी देवापुढे दिवा लावला, मला मांडीशी घेतलं आणि नेहमीसारखा मोहरीच्या वाटीत हात घातला. मणी सगळे एकाच मापाचे, बोटांना काळा काय आणि निळा काय. त्या ओवत होत्या आणि सुलूच्या लहानपणच्या गोष्टी स्वतःशीच बोलत होत्या. एकेक निळा मणी सुईवर चढताना मी बघत होतो. माझं झाकण शेजारीच पडलं होतं, पण ते वाजवायलाही मला हात नव्हता.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी विहीणबाई आल्या. त्यांनी पोत हातात घेतली, व्हरांड्यातल्या उन्हात नेली आणि दोनदा फिरवून पाहिली.

"विहीणबाई, बुरा मानू नका," त्या हळूच म्हणाल्या, "पण हे मणी काळे नाहीत हो. पूरे निळे आहेत."

"निळे?" अनसूयाबाईंनी पोत डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ नेली. तेवढ्यात सगळ्यांना कळलं, की त्यांना नीट दिसतच नाही.

"अगं, दिसत नव्हतं तर बोलायचं ना!" यज्ञेश्वरराव म्हणाले.

सुलू आईला बिलगून रडली. विहीणबाई भल्या होत्या, त्यांनी बोल लावला नाही. सराफ्यातून तयार काळी पोत आली आणि लग्न थाटात पार पडलं.

नंतर फ्रीगंजच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नव्हती. ते अनसूयाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. पण घरी आल्यावर त्या म्हणाल्या, "डोळ्यांचं जाऊ दे हो. माझा हात चुकला. हात कसा काय चुकला?" त्या दिवशी त्यांनी सगळे मणी एका पिशवीत ओतले आणि कॉलनीतल्या मुलींना खेळायला देऊन टाकले.

हात चुकला नव्हता, मित्रांनो! मला सगळं ठाऊक होतं आणि माझा काही म्हणजे काही उपयोग नव्हता.

मी पुन्हा मसाल्याचा झालो. या वेळी वाट्या अनसूयाबाईंनी स्वतः लावल्या, जुन्याच जागी. दिवाळीला सुलू माहेरी आली. आई फोडणी करत होती. तिने माझ्याकडे न बघता मोहरी उचलली, मग हळद.

"आई, न बघता कसं ग समजतं तुला?" सुलूने विचारलं.

"त्यात काय समजायचं? मोहरी इथेच असते. जागा ठरलेली आहे."

सुलूचा हात माझ्या काठावर थांबला. ती माझ्या वाट्यांकडे बघत राहिली. मला वाटलं, आता आठवेल, आता ती बोलेल आणि अनसूयाबाईंना आपल्या हातावरचा भरवसा परत मिळेल. तेवढ्यात बाहेरून यज्ञेश्वररावांनी हाक मारली, "सुलू, जावईबापू आले!" ती पदर सावरत धावत गेली आणि ते बोलणं राहूनच गेलं.

मित्रांनो, घर जरूर आवरा. आमच्यासारख्या जुन्या डब्यांना घासा, पुसा, आम्हाला बरं वाटतं. पण वाटी जागेवरून हलवण्याआधी ज्याची ती आहे त्याला एकदा विचारा. नंतर मला विचारून काही व्हायचं नाही. मी तेव्हाही तिथेच होतो आणि आजही अनसूयाबाईंचा हात रोज माझ्यात येतो, पण मला त्यांना काहीच सांगता येत नाही.