गवतात ठेवलेला ग्लोव्ह

मित्रांनो, बेसबॉल खेळताना डाव्या हातात घालतात तो एक जुना चामडी ग्लोव्ह मी. माझी करंगळी उसवली आहे, तळव्याचा रंग जळक्या गुळासारखा झाला आहे आणि जवळून हुंगलंत तर अजूनही खोबरेलाचा वास येतो.

आमच्या वस्तीतल्या दामासो नावाच्या खोगीरवाल्याने मला एका जुन्या खोगिराच्या चामड्यातून शिवलं. ज्याच्यासाठी शिवलं तो एलिहियो साखर कारखान्यात मळीच्या टाक्या धुवायचा. गाळप बंद झालं की आमच्या डोमिनिकन मुलुखात ऊसतोडीचे कोयते कोपऱ्यात जातात आणि बॅटी बाहेर येतात. एलिहियो दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभा राहायचा. जमिनीलगत सरपटत येणारा चेंडू तो इतक्या अलगद उचलायचा, की मला कधी दणका म्हणून बसला नाही. धावणाऱ्याला बाद करतानाही त्याच्या पाठीवर मला हलकेच टेकवायचा. संध्याकाळी वस्तीतली मुलं शिकायला यायची. तो आधी सगळ्यांना पाणी प्यायला लावायचा, आणि ज्याच्या डोक्यावर टोपी नाही त्याच्याकडे चेंडू टाकायचाच नाही.

त्या काळी आमच्याकडे हात जास्त आणि ग्लोव्ह थोडे, म्हणून एक रीत होती. आपला संघ फलंदाजीला निघाला की ग्लोव्ह आपल्या जागेवर गवतात ठेवून जायचा. समोरच्या संघाचा त्या जागेवरचा खेळाडू तोच घालायचा. पुढे कारखान्यांनी सगळ्यांना ग्लोव्ह दिले आणि रीत मागे पडली. जो तो आपला ग्लोव्ह काखेत मारून नेऊ लागला. एलिहियो मात्र मला गवतातच ठेवायचा.

मैदानाच्या कडेला यानिकेके, म्हणजे आमच्याकडच्या मैद्याच्या कुरकुरीत पुऱ्या, तळून विकणाऱ्या टिबुर्सियामावशीला हे मुळीच खपायचं नाही. कढईपाशी बसून ती ओरडायची, “एलिहियो, उचल तो ग्लोव्ह. बायकोलाही असाच रस्त्यात सोडून येतोस का रे?”

“तीच मला सोडून पुढे गेलेली असते, मावशी,” तो म्हणायचा. लोक हसायचे आणि खेळ पुढे चालू व्हायचा.

मग शेजारच्या कारखान्याशी अंतिम सामना आला. परदेशातल्या मोठ्या संघांसाठी खेळाडू निवडणारा एक माणूस राजधानीहून बघायला आला होता. त्याला एकच खेळाडू न्यायचा होता, हे सगळ्या वस्तीला ठाऊक होतं. एलिहियो, नाहीतर समोरच्या संघात त्याच जागेवर खेळणारा ओसिरिस मेहिया. ओसिरिस कोवळा होता, त्याला पुढेही संधी मिळाली असती. एलिहियो तिशीला टेकला होता. त्याची हीच वेळ होती.

सामना संपत आला आणि ओसिरिसच्या ग्लोव्हची वादी तुटली. तो गाठ मारायला धडपडत होता, पण भोकापाशी चामडंच फाटलं होतं. आता आमची शेवटची फलंदाजी होती. एलिहियोने मला गवतात ठेवलं, ओसिरिसला मानेने खूण केली आणि निघाला.

मावशी कढई सोडून उठली. “उचल तो. आज तरी उचल, लेकरांची शपथ आहे तुला.”

“मग तो झेल कशानं घेईल, मावशी? टोपीनं?”

“नाही घेतला तर बरंच की. तेवढंच आपलं भलं होईल.”

“असं जिंकलो तर तुझं यानिकेके माझ्या घशाखाली उतरायचं नाही.”

आम्ही एका धावेने मागे होतो. शेवटचा गडी म्हणून एलिहियोच उभा राहिला. फटका खणखणीत बसला. चेंडू ओसिरिसच्या डोक्यावरून जाणार असं वाटत असतानाच त्याने उडी मारली आणि चेंडू माझ्या अंगठ्याजवळच्या चामडी जाळीत येऊन रुतला. मी तरी काय करणार? मला झेलण्यासाठीच शिवलं होतं.

आम्ही हरलो. राजधानीचा माणूस ओसिरिसला घेऊन गेला. एलिहियोने रोजच्यासारखं मला खोबरेल चोळलं आणि दुसऱ्या दिवशी टाक्या धुवायला गेला.

लोकांनी त्याला बरेच दिवस टोमणे मारले. स्वतःच्या ग्लोव्हने स्वतःला बाद करणारा, असं त्याला म्हणायचे. पण वर्षं गेली तसा बोलण्याचा सूर बदलला. पोलिबियो न्हाव्याच्या दुकानात तर रोजचा वाद.

“मोठा तो ओसिरिसच. त्याचं नाव झालं,” एखादं गिऱ्हाईक म्हणायचं.

“मान हलवू नकोस, वस्तरा आहे,” पोलिबियो म्हणायचा. “आणि तुला चेंडू पकडायला कोणी शिकवलं, तेवढं सांग.”

वस्तीतल्या निम्म्या लोकांना एलिहियोनेच शिकवलं होतं.

राजधानीत मोठ्या खेळाडूंची नावं कोरतात त्या सन्मानाच्या भिंतीवर त्याचं नाव काही लागलं नाही. म्हणून त्याच्या चाहत्यांनी मला क्लबात काचेच्या पेटीत ठेवलं. माया होती, पण काच पुसणाऱ्यांना आतल्या चामड्याची आठवण राहिली नाही. मी वाळलो, तडकलो. करंगळी तिथेच उसवली.

मग मैदानाला एलिहियोचं नाव द्यायचं ठरलं. तो मुलीचा हात धरून आला, आधी पेटी उघडायला लावली आणि खिशातली बाटली काढून अंगठ्याने मला तेल चोळत बसला. समोर तरुणांचा सामना सुरू झाला. पहिला डाव संपला आणि सगळ्या खेळाडूंनी आपापले नवे कोरे ग्लोव्ह गवतात ठेवले. हे नियमात बसत नाही. पंच खाली बसून बुटातला खडा शोधू लागला. एलिहियो हळूहळू चालत आपल्या जुन्या जागी गेला आणि मला तिथे ठेवून आला.

एकाला मात्र राहवेना. महागडा ग्लोव्ह होता त्याचा. तो चोरपावलांनी परत वळला.

“राहू दे रे तो,” म्हाताऱ्या टिबुर्सियामावशीचा आवाज आला. “येणाऱ्याला लागेल.”

मित्रांनो, त्यानंतर मला परत काचेत ठेवलं नाही. मैदानाच्या खोलीत खुंटीवर असतो. ज्याच्याकडे ग्लोव्ह नाही त्याने मला घ्यावं. माझं मागणं थोडं आहे. तेल लावा, उन्हात टाकू नका, आणि डाव संपला की गवतात ठेवून जा. समोरून कोणीतरी रिकाम्या हाताने येत असतं.