फाटकाची कडी

आमच्या बेटावरचं शिखर नावालाच शिखर. सकाळी निघालेला माणूस नाश्त्याला घरी येतो. पण वाट डोक्यावरून जाणाऱ्या गवतातून आणि बांबूंतून जाते आणि दोन हातांवरचा माणूस दिसत नाही. म्हणून इथे एक रीत आहे. पुढच्याने प्रत्येक वळणावर ओरडायचं, "मागे कोण?" आणि सगळ्यांत शेवटच्याने उत्तर द्यायचं, "मी आहे. माझ्यामागे कोणी नाही." मधल्यांनी तोंड उघडायचं नाही. खाली आल्यावर त्या शेवटच्या माणसानेच फाटकाला कडी लावायची, म्हणजे शेळ्या वर जात नाहीत.

माझा नवरा पाहुण्यांना वर न्यायचा आणि नेहमी शेवटी चालायचा. अख्खं बेट त्याला शेपूट म्हणायचं. त्याला त्याचं काही वाटत नसे. मला वाटायचं, कारण मग मी शेपटाची बायको. एका दुपारी ढग खाली उतरला. शेवटच्या वळणावर त्याने दिलेलं उत्तर सगळ्यांनी ऐकलं, पण फाटकाशी तो पोचलाच नाही. लोकांनी रान पालथं घातलं, कड्याखालचा समुद्र धुंडाळला. चप्पलसुद्धा मिळाली नाही. याला काही वर्षं झाली. तेव्हापासून फाटक उघडंच होतं. शेळ्या वरची रोपं फस्त करायच्या, लोक कुरकुरायचे, पण कडी लावायला कोणी धजत नव्हतं. शेवटचा माणूस अजून उतरायचा होता ना.

मी हॉटेलच्या धुलाईखोलीत चादरींना इस्त्री करते. बोटींची इंजिनं बघणारा मेकॅनिक एकदा आमची वाफेची इस्त्री दुरुस्त करून गेला, आणि मग ती इस्त्री दर आठवड्याला बिघडायला लागली. बरोबरच्या बायका गालातल्या गालात हसायच्या. एक दिवस वाळत घातलेल्या चादरींच्या मधे उभं राहून त्याने मला लग्नाचं विचारलं. माणूस सरळ आहे, मला आवडतो. तरी मी हो म्हणेना.

सासूबाईंच्या कानावर गेलं. वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. त्या बटण लावत होत्या. दोरा दातांनी तोडून म्हणाल्या, "वर जाऊन त्याला सांगून ये, मग खुशाल कर. न सांगता केलंस तर रुसेल तो."

मेकॅनिकला मी पुढे चालायला लावलं. चढताना प्रत्येक वळणावर तो ओरडला, मी उत्तर दिलं. माथ्यावर वारा होता. खाली हॉटेलचं छप्पर आणि माझ्या चादरी दिसत होत्या. मेकॅनिक शहाण्यासारखा माझ्याकडे पाठ करून समुद्राकडे बघत बसला. मी मात्र ठोंब्यासारखी उभी राहिले. सांगायला आले होते ते राहूनच गेलं.

उतरायला लागलो आणि ढग आला. पहिल्या वळणावर मेकॅनिक ओरडला. मी तोंड उघडणार तेवढ्यात माझ्या मागून कोणीतरी म्हणालं, "मी आहे. माझ्यामागे कोणी नाही."

शेवटचा 'नाही' जरा लांबवलेला, माझा नवरा लांबवायचा तसा.

मी मेकॅनिकला हाक मारून विचारलं, आत्ता उत्तर कोणी दिलं. तो गवताआडून म्हणाला, "तुम्हीच की. आवाज बसलाय का तुमचा?"

मी वळून पाहिलं नाही. नवरा दिसेल याची भीती होती, आणि दिसणार नाही याची त्याहून जास्त. मी हळू झाले की मागची पावलंही हळू व्हायची. खरं सांगते, मला आनंद झाला. इतका की पुढे चालणाऱ्या माणसाची मला लाज वाटली. पुढच्या वळणावरही उत्तर मागूनच आलं, आणि मी गप्प राहून ते ऐकत चालले.

मेकॅनिक फाटकातून बाहेर पडला आणि रीतीप्रमाणे त्याने शेवटचं विचारलं, "मागे कोण?"

या वेळी मागून काही आलं नाही. पावलं माझ्या पाठीशी येऊन थांबली होती. तो वाट बघत होता, मी काय सांगते त्याची. मी गप्प राहिले असते तर फाटक उघडं राहिलं असतं आणि मी जन्मभर शेपटाची बायको राहिले असते. त्या क्षणी मला तेही चाललं असतं.

"मी आहे," मी म्हणाले. मानेवर श्वास लागत होता. "माझ्यामागे कोणी नाही."

श्वास थांबला. मी बाहेर आले, फाटक ओढलं आणि गंजलेली कडी दोन्ही हातांनी लावली. मेकॅनिकने विचारलं, आता काय ठरलं. मी हो म्हटलं आणि रडले.

घरी सासूबाई दारातच होत्या. सांगितलंस का, म्हणाल्या. सांगितलं, मी म्हणाले.

"काय म्हणाला?"

"काहीच नाही."

मी आत आले. त्या दार धरून बाजूला सरकून उभ्या राहिल्या, आणखी एका माणसाला आत यायला लागेल तेवढा वेळ. मग त्यांनी दार लावलं.