टायरला खोबरेल

शहाडला माझ्या मेव्हण्याच्या मुलीचं बारसं रविवारी बाराला होतं, आणि नाव ठेवणारी एकुलती एक आत्या, म्हणजे माझी बायको नंदा, दिवा गावात आमच्या घरी होती. त्या सकाळी रुळांचं काम असल्यामुळे गाड्या दुपारपर्यंत बंद राहणार होत्या. तेव्हा आत्या आणि भाची यांच्यामध्ये फक्त माझी मोटारसायकल होती, आणि तिचा मागचा टायर माझ्या टकलाइतका गुळगुळीत झाला होता.

मी नवा टायर आणला आणि तो घरीच बसवणार असल्याचं शुक्रवारी जिन्यात जाहीर केलं. मी कल्याणच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. जाहीर करायची सवय आहे. तळमजल्यावरचे गुणाजीराव जाधव एसटीच्या खोपट डेपोत तीस वर्षं टायर बसवून नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांनी एवढंच विचारलं, "आधी कधी बसवलाय, सर?"

"पुस्तकात सगळं दिलंय."

"मग काय प्रश्नच नाही. कडेला साबणाचं पाणी तेवढं लावा. कंजुषी नका करू."

शनिवारी दुपारी चाक गॅलरीत घेतलं, पुस्तक उघडं ठेवलं, जुना टायर काढला. साबण होता. पाणी नव्हतं. एक्क्याण्णव साली दिव्यात नळाला पाणी येणं ही बातमी असायची, आणि गेले तीन दिवस बातमी नव्हती. टँकरचं जे मिळालं ते नंदानं दोन बादल्यांत भरून वर ताटल्या झाकल्या होत्या.

"अर्धी बादली दे गं."

"एक बादली स्वयंपाकाची आहे, एक उद्याच्या आंघोळीची. मी काय बारशाला पारोशी जाऊ?"

मग मी विचार केला. इथेच सगळं बिघडलं. साबणाच्या पाण्याचं काम काय, तर टायरची कड रिमवरून सरकवणं. सरकवायला पाणीच हवं असं थोडंच आहे. फडताळात खोबरेलाची बाटली होती.

टायर इतक्या प्रेमानं सरकला की पुस्तकाचं पान उलटायच्या आत जागेवर बसला. संध्याकाळी पाच वाजता रेल्वे फाटकापर्यंत फेरी मारायला निघालो. फाटक बंद दिसलं, म्हणून ब्रेक दाबला. चाक थांबलं. टायर थांबला नाही. तो तेलावरून रिमभोवती फिरला, आतल्या ट्यूबलाही सोबत घेऊन गेला, आणि ट्यूबची हवा भरायची नळी मुळापासून उपटली. गाडी खाली बसली. मी सावकाश चाललो होतो म्हणून वर राहिलो.

तिथून घरापर्यंत गाडी ढकलताना दिव्यात आपल्याला किती लोक ओळखतात ते कळलं.

"मी उद्या रिक्षानं जाणार," नंदा म्हणाली.

"दिव्यातून शहाडला कोण रिक्षावाला येतोय?"

"मग चालत जाईन. तुम्ही बसवलेल्या टायरवर बसणार नाही."

रविवारी सातला गुणाजीराव वर आले. गॅलरीत परत काढून ठेवलेल्या चाकावर वाकले, वास घेतला.

"सर, हे डोक्याला लावतात."

"पाणी नव्हतं."

"मग पाणी येईपर्यंत थांबायचं होतं. तेल सुकत नाही. साबणाचं पाणी सुकतं, मग रबर धरून बसतं. आता सगळं धुवा, रिमसकट."

परत पाणी. नंदानं घड्याळाकडे पाहिलं, आंघोळीच्या बादलीकडे पाहिलं, आणि ताटली उचलली. "घ्या. पोरीला नाव तरी मिळू दे."

गुणाजीराव स्टूलवर बसले. हात लावायचा नाही, फक्त बोलायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. चाक धुऊन पुसलं. फाटलेल्या ट्यूबच्या जागी घरात पडून असलेली जुनी, पण धड ट्यूब घेतली.

"ट्यूबला पावडर चोळा. चिकटायला नको."

नंदानं बारशासाठी आणलेला पावडरचा डबा दिला.

"आता थोडी हवा. नुसती गोल होईपुरती, नाहीतर कड चढवताना लोखंडी लिव्हरखाली ट्यूब चिमटेल. हां. लिव्हर एवढी लांब लांब नका टाकू, चार-चार बोटांवर. बोट बाहेर काढा सर, उद्या खडू धरायचाय."

शेवटची वीतभर कड काही केल्या आत जाईना. मी लिव्हरवर सगळं वजन टाकलं.

"जोर करू नका. समोरची कड रिमच्या मधल्या खोलगटीत गेली नाही, म्हणून इकडे पुरत नाही. तिथं गुडघे रोवायला माणूस पाहिजे."

माझे गुडघे एकाच बाजूला पुरत होते. नंदानं पदर खोचला आणि समोर दोन्ही गुडघे रोवून बसली. मी लिव्हर उचलली. कड टप्पकन आत गेली, इतकी सहज की मला अपमान झाल्यासारखं वाटलं.

"आता हवा भरा. तोंड चाकावर नको, लांबून. कडेजवळची ती बारीक रेघ दिसते ना? चहूबाजूंनी रिमपासून सारखी दिसली पाहिजे. एका जागी बुडाली तर हवा सोडायची, परत भरायची."

एका जागी बुडाली. सोडली, परत भरली. नंदानं स्वतः वाकून रेघ चारदा तपासली. मग चाक गाडीला लावलं, नट आवळले, ब्रेक लावून पाहिला.

"झालं," गुणाजीराव म्हणाले. "आता माझा एक नियम. ज्यानं टायर बसवला, त्यानं पहिल्या फेरीला गाडीत बसायचं. डेपोत मी कायम बसायचो. म्हणून अजून आहे."

नंदानं माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या गुडघ्यांवरच्या काळ्या डागांकडे.

"मग मला बसायलाच लागेल," ती म्हणाली आणि साडी बदलायला आत गेली.

वाटेत तिनं फाटकाजवळ मला दोनदा ब्रेक दाबायला लावला. टायर जागचा हलला नाही. पावणेबाराला शहाडला पोचलो. नंदा भाचीच्या कानाशी वाकली, तसं पोरीनं नाक मुरडलं आणि शिंकली.

"वन्सं, कसला हो हा वास?" भावजयीनं विचारलं.

"नव्या टायरचा," नंदा म्हणाली. "सकाळी बसवला."

कोणी बसवला ते तिनं सांगितलं नाही. सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं, आणि मी पेढा घेतला.