रोझविटाची कोरडी जर्सी

आमच्या क्लबच्या पन्नाशीच्या समारंभात अध्यक्षांनी पाऊण तास भाषण केलं. राष्ट्रीय विजेतेपदं आली, चषक आले, नवा हॉल आला, परदेशातून आणलेल्या उंच उंच मुली आल्या. आणि आपण पहिल्या श्रेणीत मुळात चढलो कसे, तर म्हणे ‘शास्त्रशुद्ध प्रशिक्षण आणि आहाराची शिस्त’ यांमुळे. मी पहिल्या रांगेत होते. शेजारी एल्के बसली होती, ती इतकी हसली की मला तिच्या कवळीची काळजी वाटायला लागली. अध्यक्षांचा दोष नाही, ते तेव्हा रांगत असतील. पण आहाराची शिस्त! माझं डोकंच फिरलं. म्हणून आता नीट सांगते.

मी हाइडरुन टेब्बे. त्या काळात क्लबच्या व्हॉलीबॉल संघाची कप्तान आणि सेटर, म्हणजे दुसरीने स्मॅश मारावा म्हणून चेंडू उचलून देणारी. स्मॅश मारणारीचा फोटो पेपरात येतो, सेटरची बोटं सुजतात. एल्के आमची स्मॅश मारणारी, दारातून वाकून यायची. आणि रोझविटा लामर्स आमची राखीव खेळाडू. राखीव म्हणजे किती राखीव, तर सात वर्षं बेंचवर बसली होती आणि एकाही सामन्यात मैदानात उतरली नव्हती. वाईट खेळायची असं नाही. सरावाला एकदा चुकली नाही. पण वेळ आली की कोचला दुसरंच कुणीतरी दिसायचं. मी कप्तान होते, मलाही दुसरंच कुणीतरी दिसायचं.

मात्र केकच्या टेबलामागे रोझविटाशिवाय पान हलत नसे. ओस्टरलागेत, म्हणजे आमच्या गावी, घरचे सामने शनिवारी चारला सुरू व्हायचे, आणि तीनला कॉफी आणि केक. पाहुण्या मुली बसमधून तासन् तास अंग आखडून आलेल्या असायच्या, त्यांना घोटभर कॉफी न विचारता मैदानावर उभं करणं आमच्या कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. प्रत्येक खेळाडूने घरून एक केक भाजून आणायचा. कुणी खसखशीचा, कुणी चेरीचा, आणि रोझविटाचा लोण्याच्या क्रीमचा, गोल कड्यासारखा, वर साखरेत परतलेल्या दाण्यांचा जाडसर थर. तिच्या वडिलांची बेकरी होती. त्या केकचा एक तुकडा म्हणजे रविवारचं पूर्ण जेवण. आणि एक खाऊन कुणी थांबल्याचं मी पाहिलेलं नाही.

घरच्या मैदानावर आम्ही हरत नव्हतो. सगळ्या प्रांतात आमची दहशत. पेपरवाले लिहायचे, ओस्टरलागेच्या हॉलमध्ये पाहुण्यांचे पाय जड होतात. आम्हाला वाटायचं, आमच्या सर्व्हिसमुळे. बाहेरगावी गेलो की आमचीच दाणादाण उडायची, तेव्हा आम्ही प्रवासाला शिव्या द्यायचो.

मग एका हंगामाच्या मध्येच हानोव्हरहून नवे कोच आले, कुबिचेक सर. काटकुळा माणूस, गळ्यात स्टॉपवॉच, बोलताना डोळे मिटायचा. पहिल्याच शनिवारी टेबल पाहून त्यांचा चेहरा उतरला.

“हे काय आहे?”

“केक,” रोझविटा म्हणाली. “तुम्हाला कोणता देऊ?”

“सामन्याच्या आधी? लोणी? साखर?”

“साखर केकमध्ये असतेच सर,” एल्के म्हणाली. “त्याला केक म्हणतात.”

झालं. दुसऱ्या आठवड्यापासून केक बंद. आम्हालाही बंद आणि पाहुण्यांनाही, कारण कुबिचेक सर न्यायी माणूस. सफरचंदाच्या फोडी, कडक भाकऱ्या आणि ताक. पाहुण्या मुली टेबलाकडे बघायच्या, एकमेकींकडे बघायच्या आणि मैदानात जाऊन आम्हाला बदडायच्या. हंगामात पहिल्यांदाच आम्ही घरी हरलो, मग परत हरलो, मग हरायची सवयच लागली. सरांनी सराव वाढवला. आम्ही जिने चढलो, वाळूच्या पिशव्या उचलल्या आणि आणखी हरलो. सुरुवातीच्या विजयांची पुण्याई होती म्हणून कसंबसं दुसऱ्या क्रमांकावर तग धरून होतो. शेवटचा सामना उरला, पहिल्या क्रमांकाच्या ग्रोसेनडाइकशी, आमच्याच हॉलमध्ये. जिंकलो तर पहिली श्रेणी. हरलो तर आहे तिथेच, आणि आमच्याच क्लबच्या हँडबॉल संघातले पुरुष आम्हाला जन्मभर चिडवणार.

क्लबच्या खोलीत बैठक झाली. आमच्याकडे बैठक म्हणजे विषयपत्रिका, हात वर करणं, सगळं रीतसर. सर सर्व्हिसच्या कोनाबद्दल बोलत होते. मध्येच एल्के म्हणाली, “केक बंद झाला आणि आपण हरायला लागलो. मला तर दुसरं काही दिसत नाही.”

मग एकेकीच्या डोळ्यांसमोर आधीची वर्षं येऊ लागली असावीत. मला तर स्वच्छ दिसली. पाहुण्यांच्या सुस्त हालचाली, नेटजवळचे जांभया देणारे चेहरे. एक मुलगी टाइमआउटमध्ये चक्क झोपली होती, आणि मी ते माझ्या खेळाचं यश धरलं होतं.

“म्हणजे इतकी वर्षं आपण केकवर जिंकलो?” मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

“तुझ्या बोटांवरपण जिंकलो गं,” एल्के म्हणाली. “थोडंसं.”

कुबिचेक सर उभे राहिले. “पाहुण्यांना मुद्दाम जड करायचं? हे खिलाडूपणाला शोभत नाही.”

“आम्ही तोंडात कोंबणार नाही सर. टेबलावर ठेवणार. पाहुण्याला केक देणं कधीपासून गुन्हा झाला?” एल्के म्हणाली.

यावर दीड तास वाद. आधी माहीत नव्हतं तेव्हा तो पाहुणचार होता. आता माहीत झाल्यावर तोच केक लबाडी ठरतो का? एकीचं म्हणणं, क्रीम अर्धं घालावं, म्हणजे पापही अर्धंच. शेवटी मतदान. केक परत आणायचा, मात्र आपल्या खेळाडूंनी त्याला शिवायचं नाही, ही सरांची दुरुस्ती. ठराव मंजूर झाला. रोझविटाने हात वर केलाच नाही.

“तू का गं गप्प?” घरी जाताना मी विचारलं.

“मी खेळते कुठे? मी कशाला मत देऊ?” सायकल हातात धरून ती माझ्याबरोबर चालत होती. “हाइडरुन, हा माझा शेवटचा सामना. त्यानंतर जर्सी परत करणार आहे.”

“का?”

“सात वर्षं इस्त्री करतेय तिला. घाम कधी लागला नाही.” ती हसली, पण नीट नाही. “आई दर शनिवारी येऊन बसते. तिला सांगून सांगून थकले की पुढच्या वेळी. एकदा उतरायचं होतं गं, बास. एकदा.”

तुम्हाला आमची जर्सीची पिशवी माहीत नसणार. सामना संपला की सगळ्या ओल्या जर्सी एका मोठ्या पिशवीत टाकायच्या आणि पाळीपाळीने एकीने घरी नेऊन धुवायच्या. रोझविटाची पाळी आली की ती सगळ्यांच्या धुवायची. स्वतःची मात्र कधी पिशवीत टाकली नाही, घडी करून घरी न्यायची. मला वाटायचं, टापटीप आहे मुलगी. त्या दिवशी डोक्यात प्रकाश पडला आणि मला माझीच चीड आली. मी तिला म्हटलं, सरांशी बोलते. बोललेही. सर डोळे मिटून म्हणाले, “पाहू.”

शनिवारी टेबल असं भरलं होतं की मेणकापड दिसेना. रोझविटाने तिचे कड्यासारखे तीन केक आणले होते, क्रीम पूर्ण. जर्सीवर एप्रन बांधून ती पहाटेपासून उभी. ग्रोसेनडाइकची बस आली, मुली उतरल्या, आणि सगळ्यांच्या मागून त्यांच्या कोच नोटेबोमबाई. रुंद, गुलाबी, हसऱ्या. त्यांच्या हातात दोन भलेमोठे ट्रे, वर स्वच्छ पंचे.

“गेल्या वर्षी तुम्ही आम्हाला इतकं प्रेमाने खाऊ घातलंत,” त्या म्हणाल्या, “परतीच्या बसमध्ये एकही मुलगी जागी नव्हती. म्हटलं, या वेळी रिकाम्या हाताने जायचं नाही.”

पंचे काढले. लोणी-साखरेचा केक, वर बदामाचे काप, अजून कोमट. बाईंनी स्वतः भाजलेला.

मी एल्केकडे पाहिलं, एल्केने सरांकडे. आता आमच्याकडची गोष्ट अशी आहे की दुकानातला केक नाकारता येतो. पण समोरच्या बाईने पहाटे उठून स्वतःच्या हाताने भाजलेला, तिच्याच देखत नाकारायचा म्हणजे तिच्या तोंडावर दार आपटण्यासारखं. तसं करणाऱ्या माणसाला आमच्या गावात नंतर कुणी मीठ देत नाही. बाई ट्रे घेऊन एकेकीसमोर उभ्या राहत होत्या आणि घास तोंडात जाईपर्यंत हलत नव्हत्या. सरांसमोर आल्या.

“मी सहसा...” सर म्हणाले.

“छोटासा,” बाई म्हणाल्या.

सरांनी तीन खाल्ले. बिचाऱ्याने इतके महिने कडक भाकरीवर काढले होते. मग आम्ही कुणाच्या बापाला ऐकतोय. आणि आम्ही त्यांचा खाल्ला म्हटल्यावर त्यांच्या मुलींना आमचा खाणं भाग पडलं. पंचांनी दोन्हीकडचा खाल्ला, ते तर तटस्थ.

चारला सामना सुरू झाला. तो सामना म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणते. नेटवर उडी अशी कुणी मारलीच नाही. चेंडू वरून खाली यायचा आणि आम्ही बाराजणी त्याची वाट बघायचो. तेव्हाच्या नियमाने सर्व्हिस आपली असली तरच गुण मिळायचा, त्यामुळे सर्व्हिस नेटात, मग त्यांची सर्व्हिस नेटात, परत आमची, आणि फलक ढिम्म. उंच खुर्चीवरचे पंच एकदा डुलले, खालच्या माणसाने त्यांचा पाय धरला. मी एल्केला चेंडू उचलून दिला तर ती म्हणाली, “जरा खाली दे गं, तिथपर्यंत कोण जाणार.” आणि हे कमी म्हणून प्रेक्षकांत हँडबॉलचे सगळे पुरुष.

दोन सेट त्यांचे झाले, दोन आमचे, कसे ते मला विचारू नका. पाचव्यात तेरा-तेरा, जिंकायला पंधरा. सर्व्हिस आम्हाला मिळाली आणि तेवढ्यात एल्के खाली बसली.

“पोट,” ती म्हणाली. “संपले मी.”

टाइमआउट घेतला. सरांनी बेंचकडे पाहिलं. तिथे चौघी होत्या. एक आडवी, एक रंगाने हिरवी, एक देवाचं नाव घेत होती आणि एक अजून बोटं चाटत होती. सर स्वतः भिंतीला टेकले होते.

“कुणी उरलंय का?” ते पुटपुटले.

बाहेरून भांड्यांचा आवाज येत होता. मी दाराकडे बोट केलं.

“रोझविटा.”

“ती? तिला अनुभव नाही.”

“सर,” मी म्हटलं, “या अख्ख्या हॉलमध्ये ती एकटी उपाशी आहे.”

सर काही बोलले नाहीत. बोलण्यासाठी तोंड उघडायला लागतं, आणि त्यांना ते धोक्याचं वाटलं असावं. त्यांनी नुसता हात हलवला. मी हॉलच्या दारातून ओरडले. ती आली, कोपरापर्यंत फेस, एप्रन तसाच.

“काय, चमचे कमी पडले?” तिने विचारलं.

“एप्रन काढ. एल्केच्या जागी.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग गाठ सोडायला गेली, गाठ सुटेना. शेवटी एल्केने बसल्या जागेवरून ती दातांनी सोडली. आतून जर्सी निघाली, इस्त्रीची, बाह्यांवर कडक घडी. तिसऱ्या रांगेत तिची आई उठून उभी राहिली आणि मागच्यांनी आरडाओरडा केला तरी बसेना.

पहिला चेंडू रोझविटाच्या मनगटावर आपटून छताला लागला. सर्व्हिस गेली. हँडबॉलवाले हसले. तिचा चेहरा पांढराफटक पडला. “अगं, होतं असं,” मी म्हटलं, “माझ्याकडे बघ फक्त.” त्यांची सर्व्हिस आली, मागून कुणीतरी कशीबशी उचलली, आणि मी चेंडू वर दिला, एल्केला द्यायचे तसा, खूप वर. रोझविटाने उडी मारली. त्या दिवशी उडी हा प्रकार हॉलमध्ये कुणी पाहिलाच नव्हता. ती वर गेली आणि वर राहिली, निदान मला तसं वाटलं, आणि असा काही हात फिरवला की चेंडू पलीकडे पडल्यावरही त्यांच्या मुली ती अजून वर आहे का बघत होत्या. सर्व्हिस परत आमची. मग चौदा.

शेवटचा गुण काही देखणा नव्हता. त्यांच्या मुलीने मारलं, रोझविटा नेटवर दोन्ही हात वर करून गेली, चेंडू तिच्या पंजांवर थडकला आणि त्यांच्याच बाजूला हळूच पडला. सहाही जणी त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या, ताटलीत उरलेल्या शेवटच्या तुकड्याकडे बघावं तशा. वाकायची कुणाची तयारी नव्हती.

आम्ही पहिल्या श्रेणीत गेलो. नोटेबोमबाई माझा हात दाबून म्हणाल्या, “एकीला विसरले मी. बाहेर कुणी भांडी घासतंय, लक्षातच आलं नाही.” आणि इतक्या मनापासून हसल्या की मी त्यांच्याकडे केकची कृती मागितली.

कपडे बदलायच्या खोलीत कुणाच्यात नाचायचं त्राण नव्हतं. सगळ्या बाकांवर आडव्या. पिशवी धुवायची पाळी माझी होती, ती उघडून मी फिरत होते. एल्केची घेतली, बाकीच्यांच्या घेतल्या. रोझविटा कोपऱ्यात पाठमोरी बसली होती, जर्सी मांडीवर. तिला घडी करायची सवय, म्हणून मी तिला ओलांडून पुढे गेले.

“हाइडरुन,” तिने हाक मारली.

मी वळले. तिचे डोळे लाल झाले होते आणि नाक वाहत होतं, आणि ती ते पुसतही नव्हती. तिने जर्सी माझ्यासमोर धरली. काखेत आणि पाठीवर चिंब, बाहीची घडी पार मोडलेली.

“माझीपण टाक,” ती म्हणाली. “धुवायची आहे.”